मलमपट्टीचा रविवार

१९८७ साली उटनूरला शरदचंद्र मास्तर सहा समित्यांवर होते. वाचनालय, नाटक मंडळी, व्यायामशाळा. बोलावणं आलं की मास्तर हो म्हणत. शिवाय दर रविवारी जवळच्या एका गावात जाऊन कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्याचं कामही त्यांनी अंगावर घेतलं होतं. बाकीची गावं बापूजी पाहत. बापूजी दवाखान्यातून निवृत्त झालेले ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे. वीस वर्षं त्यांनी हेच केलेलं.

"तुमी सगळीकडे आहा अन् कुठीच नाही," त्यांच्या पत्नी रमाबाई म्हणायच्या. मास्तर हसून सायकल काढायचे.

नाटकाच्या तालमींत लागोपाठ तीन रविवार बुडाले. चौथ्या रविवारी मास्तर गेले, तेव्हा त्यांच्या रोग्यांपैकी प्रयागबाई पायाला चिंधी गुंडाळून ओसरीवर बसली होती. चिंधी सोडली आणि मास्तरांचा हात थांबला. बोटांजवळची रुपयाएवढी जखम हाडापर्यंत गेली होती.

"पट्टी सुटली," ती म्हणाली. "दुखत तं नाही मले. म्हून कापूस वेचाले गेली. तुमची वाट पाहून राह्यली होती."

बैलगाडीतून तिला दवाखान्यात नेलं. पायाची दोन बोटं काढावी लागली.

व्हरांड्यात मास्तर निरोप मिळून आलेल्या बापूजींना म्हणाले, "मी काय रिकामा बसलो होतो? चांगलीच कामं करून राह्यलो होतो ना?"

"कोण नाही म्हणते?" बापूजी म्हणाले. "मले बी भजनाचा लय नाद. पण रविवारी कोणी बोलावलं तं मी जात नाही. नाटक तुमच्याबिगर बी होईल, मास्तर. तिच्या पायाले दुखणं कळत नाही. तिच्यासाठी कोणीतरी ते पाह्यलं पाहिजे."

मास्तर आत गेले. "प्रयागबाई, माही चूक झाली."

तिने पट्टी बांधलेल्या पायाकडे बोट दाखवलं. "पाय हाये ना अजून. आता येत जा."

त्या आठवड्यात मास्तरांनी साऱ्या समित्या सोडल्या. नाटक झालंच, आणि चांगलं झालं. याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं. पण रविवार चुकला नाही. दिवाळीपर्यंत प्रयागबाईची जखम भरली. पुढच्या नऊ वर्षांत त्या गावात जखमेपायी कोणाचं बोट गेलं नाही.

वाचकहो, एक काम मुख्य मानायचं म्हणजे बाकीची कामं हलकी समजायची असं नाही. आपण गेलो नाही तर जे अडून राहील, ते ओळखायचं आणि आयुष्यभर तिथे वेळेवर जायचं.