खेकड्यांसाठी वाढवलेली दाढी

ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात शिओहामाच्या बाजारपेठेतला एकही पुरुष माणसात दिसत नव्हता, आणि त्याला जबाबदार होता पेठेतला एकुलता एक न्हावी.

तोकुजी कुसाका, वय एकसष्ट. लोकांच्या दाढ्या करून ज्यानं घर बांधलं, मुलगी शिकवली, त्यानंच लोकांना दाढ्या वाढवायला लावल्या होत्या. याहून मोठा मूर्खपणा आपल्या हातून झालेला आठवत नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. पण ते नंतर. त्या आठवड्यात तो गंभीर होता.

शिओहामा क्रॅब्स हा गावाचा बेसबॉलचा संघ. क्रॅब्स म्हणजे खेकडे, आणि नावाला जागून हा संघ सत्तावीस वर्षं आडवाच चालत आला होता. इतकी वर्षं यांनी आमची बिनपाण्यानं हजामत केली, असं तोकुजी गिऱ्हाइकांना ऐकवायचा आणि दर एप्रिलला तीच मळकी टोपी घालून पुन्हा मैदानावर हजर व्हायचा. यंदा मात्र काय झालं कोण जाणे, खेकडे सरळ चालायला लागले. आपली लीग जिंकून ते देशाच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत पोचले. सात सामने, चार जिंकेल तो विजेता.

पहिल्या सामन्याच्या शनिवारी तिकिटाच्या रांगेत लवकर उभं राहायचं म्हणून तोकुजीनं दाढी केली नाही. खेकडे जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पाच-सहा शेजारी जमले होते. चहा होता, उत्साह होता, आणि ऐकणारे असले की तोकुजीची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे.

"ऐका," तो म्हणाला, "मालिका संपेपर्यंत या दुकानातला वस्तरा कुणाच्या गालाला लागणार नाही. तुम्हीही घरी लावायचा नाही. आणि माझ्या हातून तर कुणाच्या कातडीलाच नाही. लागला, तर खेकडे हरल्याचं पाप माझ्या डोक्यावर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुसाए, त्याची बायको, मागं टॉवेल पिळत होती. तीही परवाना असलेली न्हावीण. ती म्हणाली, "अहो, न्हाव्यानं वस्तरा सोडला तर लोक इथं काय मासे घ्यायला येतील?"

"कात्री चालू आहे की," तोकुजी म्हणाला. पण शपथ घेऊन बसला तो बसलाच.

दुसरा सामनाही जिंकले. तिसरा हरले, पण तो सरळसरळ पंचांचा दोष होता. चौथा जिंकले. आता एकच हवा होता. पेठेतल्या गालांवर खुंट वाढले. मासेवाला बान्नो तर इतका भयंकर दिसायला लागला की त्याच्याकडं येणाऱ्या बायका लांबूनच बोट दाखवून मासा मागायच्या.

गुरुवारी पाचवा सामना हरले. कुणीतरी घात केला होता, यात शंका नव्हती. तोकुजीनं सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि जाणकाराच्या अंगठ्यानं एकेक गाल तपासला. चटया विणणाऱ्या उनोच्या गालावर अंगठा थांबला.

"उनोसान, हा कालचा वस्तरा आहे."

उनो लालबुंद झाला. "मिशीच्या कडेला थोडा... बायको म्हणाली, भांडी घासायच्या काथ्याशेजारी मी जेवायला बसणार नाही."

"सत्तावीस वर्षं, उनोसान! आणि तुम्हाला मिशीची कड आवरली नाही?"

शुक्रवार-शनिवार पेठेत उनोशी कुणी धड बोललं नाही. बान्नोनं त्याला शेपटीकडचा तुकडा दिला. तोकुजी समोरून आला तर दुकानाच्या पाटीकडं बघत पुढं जायचा. तीस वर्षं सकाळी ज्याला वाकून नमस्कार केला, त्याला दोन दिवस नमस्कार नाही.

शनिवारी सहावाही हरले. पुन्हा तपासणी झाली. या वेळी एकाही गालाला वस्तरा लागलेला नव्हता. खरं तर तेव्हाच डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. पण सहा दाढीवाल्यांनी तासभर खल करून एवढंच ठरवलं, की कुणीतरी दुसऱ्या गावात जाऊन काख साफ केली असणार.

राहता राहिला रविवारचा सातवा सामना. आणि रविवारी तोकुजीच्या मुलीचं, चिझुरूचं लग्न होतं.

तारीख वसंतात ठरली होती, शुभ दिवस बघून. तेव्हा खेकडे पाचव्या नंबरावर होते. त्या दिवशी अजिंक्यपदाचा शेवटचा सामना येईल असं कुणी म्हटलं असतं, तर तोकुजीनं त्याच्या काखेत थर्मामीटर लावला असता.

अडचण मुहूर्ताची नव्हती, मानेची होती. नवरीच्या पांढऱ्या किमोनोची कॉलर मागं ओढलेली असते, सगळी मान उघडी, आणि तिच्यावर पांढरा लेप. मानेवर लव राहिली तर लेप फुटतो. म्हणून लग्नाच्या सकाळी नवरीची मान वस्तऱ्यानं साफ करतात. सात वर्षांची असताना सणासाठी चिझुरूला खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून बसवलं होतं आणि तोकुजीनं तिची इवलीशी मान साफ केली होती. "तुझ्या लग्नातही मीच करणार," तेव्हा तो म्हणाला होता. "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही." चिझुरूनं करंगळी पुढं केली होती, आणि दोघांनी करंगळीत करंगळी अडकवून ते पक्कं केलं होतं.

यासाठी त्यानं मार्चमध्ये एका म्हाताऱ्या लोहाराकडून नवा वस्तरा घडवून घेतला होता. उन्हाळाभर रोज दुकान बंद झालं की तो दगडावर धार काढायचा. वस्तरा फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवलेला होता, अजून कुणालाही न लागलेला. गुरुवारी मालिका संपेल, या भरवशावर तो आठवडाभर गप्प होता. मग शनिवारचा भरवसा. शनिवारी संध्याकाळी भरवसे संपले.

"बाबा, आई करेल," चिझुरूच आपण होऊन म्हणाली. "तुमची शपथ मोडू नका."

"रागावलीस?"

"छे हो. मैदानावर मला तुम्ही मांडीवर घेऊन बसायचात. मला कळत नाही का?"

ती हसत म्हणाली, आणि तेच वाईट होतं. रागावली असती तर तोकुजीला भांडता आलं असतं. तो नुसताच मान हलवून आंघोळीला गेला आणि पाणी थंड होईपर्यंत टबात बसून राहिला. आपण पोरीपेक्षा खेकड्यांना वर ठेवतोय हे त्याला लख्ख दिसत होतं. आणि उद्या आपण वस्तरा धरला नि खेकडे हरले, तर सगळी पेठ आपल्याला उनोसारखी वागवेल, याची धास्तीही होती. एकसष्टीच्या माणसाला शोभेल असं यातलं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी सहा वाजता दुकानाचा पडदा ओढलेलाच ठेवून फुसाएनं चिझुरूला खुर्चीत बसवलं. मानेला फेस लावला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. तोकुजी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या करत होता. त्या घड्या आधीच केलेल्या होत्या.

"हात जड पडतोय तुझा," तो म्हणाला.

"मग तुम्ही करा."

"मी कसा करणार?"

"मग गप्प बसा."

फुसाएचा वस्तरा दोनदा खाली आला. तिसऱ्यांदा तोकुजीच्यानं राहवेना. "अगं, तिथं नको! तिथं लव उलटी वळते. डावीकडं भोवरा आहे तिला."

"कुठं?" फुसाए वाकून बघायला लागली. "मला तर काही दिसत नाही."

तो भोवरा तोकुजीनं तिच्या सातव्या वर्षी पाहिला होता आणि एकदाही विसरला नव्हता. त्यानं खालचा खण उघडला. फडकं सोडलं.

"सरक," तो म्हणाला.

चिझुरूचे डोळे मिटलेले होते. "बाबा? आणि खेकडे?"

"खेकडे गेले समुद्रात. हलू नकोस."

नव्या पात्याचा आवाजसुद्धा झाला नाही. कानामागून खाली, मग आडवा, मग भोवऱ्यापाशी मनगट वळवून वरच्या बाजूला. तोकुजीला भीती वाटत होती, जी पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळीही वाटली नव्हती. ही मान उद्यापासून दुसऱ्या घरात असणार होती आणि तिचा भोवरा तिथं कुणाला माहीत असणार नव्हता. हात मात्र हलला नाही, हाताला तेवढी अक्कल होती. गरम टॉवेलनं मान पुसून त्यानं ती उजेडात पाहिली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

आणि पाच मिनिटांत शूरपणा उतरला.

"कुणाला सांगू नका हं," तो म्हणाला. "आईनं केली म्हणायचं. उनोचं काय झालं पाहिलंत ना?"

"ते तुम्हीच केलंत ना उनोसानचं?" फुसाए म्हणाली. पण कबूल झाली.

लग्न लागलं. जेवणाच्या दालनात नवरीच्या आईबापांना रीतीप्रमाणे सगळ्यात शेवटचं टेबल होतं, आणि शेजारच्या टेबलावर पेठेतले पाच दाढीवाले काळ्या सुटात बसले होते. राजधानीहून आलेल्या नवऱ्याकडच्या मंडळींना वाटलं, या गावात एखादा पंथ असावा. एक वाजता सामना सुरू झाला. पाचही जणांच्या बाहीतून एकेक वायर वर गेली होती आणि कानात शिरली होती.

नवऱ्याचे साहेब भाषणाला उभे राहिले. लग्नात 'तुटणं', 'संपणं', 'कापणं' असले अशुभ शब्द तोंडातून काढायचे नसतात, त्यामुळं बातमी बोटांनी येत होती. उनोला टेबलावर घेतलं होतं, पण टोकाला. तोच बोटं दाखवत होता. दोन-एक. खेकडे पुढं. सातवा डाव, आठवा डाव, अजून दोन-एक. तोकुजीनं सूप तीनदा ढवळलं आणि एकदाही प्यायला नाही. वाटलं, निभावलं. देव न्हाव्यांनाही माफ करतो.

नवव्या डावात दोघे बाद झाल्यावर समोरच्यांच्या फलंदाजानं चेंडू उजव्या कुंपणावर नेऊन आदळला. दोन धावा. उनोनं दोन बोटांशेजारी तीन बोटं धरली आणि हळूच खाली ठेवली. खेकड्यांच्या अखेरच्या डावात तीन फलंदाज आले आणि तिघंही तसेच परत गेले. साहेबांचं भाषण त्याच वेळी आटोपलं. सगळ्या दालनानं टाळ्या वाजवल्या आणि पाच दाढीवाले त्या टाळ्यांत बसून राहिले.

"या वेळी मी नाही हं," उनो हलक्या आवाजात म्हणाला. "हात लावून बघा."

कुणी हात लावला नाही. तोकुजी ताटातल्या झिंग्याकडं बघत होता.

तेवढ्यात नवऱ्याची आत्या त्यांच्या टेबलाशी आली. "वहिनी, नवरीची मान कुणी केली हो? मी इतकी लग्नं पाहिली, पण लेप असा बसलेला कुठं पाहिला नाही."

"मीच केली," फुसाए ठरल्याप्रमाणे म्हणाली.

"काय हात आहे तुमचा!"

"अहो, कसलं काय. सवय झाली इतक्या वर्षांची." फुसाए लाजली. गरजेपेक्षा जरा जास्तच लाजली.

तोकुजीनं सहन केलं. एक घोट पाणी पिऊन पुन्हा सहन केलं. मग खुर्ची मागं सरकली आणि तो उभा राहिला.

"माझी आहे ती मान!"

आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या टेबलांवरचे चमचेही थांबले.

"म्हणजे काम. काम माझं आहे. आज सकाळी सहा वाजता, नव्या वस्तऱ्यानं. हिला तर डावीकडचा भोवरासुद्धा दिसला नाही!"

पाच दाढ्या त्याच्याकडं वळल्या. बान्नोच्या हातातला ग्लास अर्ध्यावर राहिला. तोकुजीला वाटलं, आता जन्मभर शेपटीचे तुकडे खायचे.

उनो उठला. तो आधी नवरीच्या मंचाकडं गेला, मागच्या बाजूनं वाकला आणि बघायला हवं त्याहून जास्त वेळ मानेकडं बघत राहिला. परत येऊन त्यानं टेबलाला सांगितलं, "भोवऱ्यापाशीही एक केस नाही."

मग तोकुजीकडं वळला. "उद्या दुकान उघडा, कुसाकासान."

"उद्या सोमवार आहे." सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. तीस वर्षांत तोकुजीनं ती मोडली नव्हती.

"माहीत आहे. पहिला नंबर माझा. आणि दोन दिवस तुम्ही मला नमस्कार केला नाहीत, ते दोन्ही उद्या करायचे."

"करतो," तोकुजी म्हणाला. आणि तिथंच, टेबलाला धरून, दोनदा वाकला. उद्यापर्यंत थांबणं त्याला जमलं नाही.

मंचावर चिझुरूनं ऐकलं होतं. डोक्यावरचा केसांचा टोप इतका जड, की तिला नुसती मान वळवता येईना. ती सगळी वळली, बापाकडं बघून हसली आणि हात न उचलता मांडीवरच करंगळी वर केली.

तोकुजी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. तोंडावर रुमाल धरून, आवाज करून, नवऱ्याकडच्या सगळ्यांसमोर. बान्नो खुर्ची ओढून जवळ आला आणि त्याच्या पाठीवर थोपटायला लागला.

"असू दे हो," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं थांबलो, अजून एक वर्ष. पुढच्या वर्षी जिंकतातच बघा खेकडे."

तोकुजीनं रुमालाआडून मान डोलावली आणि आपण खेकड्यांसाठीच रडतोय, हा बान्नोचा समज तसाच राहू दिला.