लायलपूरची तीन पत्रं

आंद्रियाबाईचं नवऱ्याशी भांडण होतं, आणि नवरा जाऊन महिना होत आला तरी ते मिटलं नव्हतं. भांडण तरी कधीचं, तर बहात्तर सालचं! पण ही बाई वसईची. मनात धरलं म्हणजे धरलं.

नॉरबर्ट ब्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. लग्नाला सात महिने झाले नाहीत तोच लढाई लागली, हा पाकिस्तानच्या हाती सापडला आणि वर्षभर लायलपूरच्या तुरुंगात राहिला. परत आला तेव्हा अंगावर नुसती हाडं. पुढे पंधरा वर्षं फौजेतच काढली, मग वाडीत केळी लावली, चर्चच्या बँडात ट्रम्पेट वाजवलं, लेकीला नर्स केलं. एवढं लांबलचक आयुष्य, पण गावात विचाराल तर म्हणतील, "कोण, तो कैदी नॉरबर्ट का?" आणि तो स्वतः त्या वर्षाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

मातीनंतर जेननं आईला एकटं ठेवलं नाही, सरळ आपल्याकडे कतारला, दोह्याला घेऊन आली. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली स्कूलबसांची रांग, समोर मशीद. आंद्रियाबाई दिवसभर खिडकीशी बसायची. तिला वाडी आठवायची, आणि वाडीतला तो.

"रोज चर्चची सांजेची घंटा झाली की हातातलं काम टाकून यायचा," ती एकदा जेनला सांगत होती. "स्वयंपाकघराच्या दारात उभा. नुसता बघत. काय पाहिजे, चहा? तर म्हणे, काही नाही. आणि गेला परत. फौज सुटल्यापासून हेच! खुळाच होता जरा."

"आई, तू रडतेस."

"कांदा चिरत होते मघाशी," आंद्रियाबाई म्हणाली. घरात त्या दिवशी कांदा नव्हता.

शुक्रवारी चर्चमध्ये नॉरबर्टच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. मिस्सेनंतर जेन वडिलांबद्दल चार शब्द बोलणार होती आणि त्यासाठी तिला तुरुंगातून आलेली पत्रं हवी होती. ती आंद्रियाबाईनं सामानातून आणली होती, सुकटीच्या पिशवीखाली बिस्किटाच्या डब्यात.

"काय करायचीत ती? मला पाठ आहेत. 'मी बरा आहे. जेवण मिळते. आईला नमस्कार. काळजी करू नये.' तीनही पत्रं अश्शीच! त्यापेक्षा चर्चचा नोटीस बोर्ड बरा. सात महिन्यांची बायको मागे टाकून गेलेला माणूस, एक गोड शब्द लिहू नये त्यानं?"

जेन हसली. लहानपणापासून ऐकलेलं गाऱ्हाणं ते. पण आई हसत नव्हती.

"तुम्हाला सगळ्यांना त्याची लढाई पाहिजे गं. मला एवढंच पाहिजे होतं की तिथं त्याला माझी आठवण येत होती की नाही. आता कोणाला विचारू मी?"

पत्रं इंग्रजीत होती. तुरुंगातला साहेब प्रत्येक पत्र वाचून मगच पुढे धाडायचा आणि त्याला मराठी येत नव्हतं. नॉरबर्ट मिशनच्या शाळेत मॅट्रिक झालेला, त्याला इंग्रजी जमायचं. आंद्रिया मराठी चौथी. मग पत्र आलं की डोक्यावर ओढणी घेऊन ती सासूबरोबर फादरांकडे जायची. फादर वाचून मराठीत सांगायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. फादर सज्जन, पण बायकांशी बोलताना जमिनीकडे बघणारे. पुढे रागापायी तिनं ती पत्रं कुणाला दाखवलीच नाहीत, जेनलासुद्धा नाही.

आज मात्र डबा उघडला. जेन ड्युटीचे कपडे बदलत होती, म्हणून वाचायला नात बसली, व्हॅलेरी. सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. पहिलं पत्र तिनं भराभरा वाचलं. दुसऱ्यात मध्येच थांबली.

"आजी, धिस इज प्रायव्हेट."

"काय म्हणते ही?"

"हे फक्त तुझ्यासाठी आहे," व्हॅलेरी म्हणाली. चक्क मराठीत. मग एकेक वाक्य जुळवत सांगू लागली. "'आंद्रिया, इथे भिंतीपलीकडे संध्याकाळी बांग होते. तेव्हाच आपल्या चर्चची सांजेची घंटा होत असेल, असं मी धरतो. त्या वेळी मी तुझं नाव घेतो. रोज, मोठ्यानं. बाकीचे हसतात. हसू देत. तूही त्या वेळी माझं नाव घे. आई जवळ असली तर मनात घे. घेशील का? पत्रात नुसतं हो लिही.'"

आंद्रियाबाईला तो दिवस लख्ख आठवला. दुसरं पत्र वाचता वाचता फादर लालबुंद झाले होते, घोटभर पाणी प्यायले होते आणि शेजारी बसलेल्या सासूला म्हणाले होते, "तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"मेल्या फादरा!" ती ओरडली, आणि लगेच क्रूसाची खूण केली. "पुढचं वाच. तिसरं वाच."

व्हॅलेरीचा आवाज खाली गेला. "'तुझं पत्र मिळालं. म्हैस व्यायली, आनंद झाला. मी विचारलं होतं त्याचं काही लिहिलं नाहीस. असू दे. मी घेत राहीन.'"

जेन दारात येऊन उभी होती. आंद्रियाबाईनं ते पत्र हातात घेतलं, उलटं की सुलटं तेही न बघता छातीशी धरलं आणि हुंदके देऊन रडली. "मी त्याला कोरडा म्हणत होते गं! आणि तो रोज दारात येऊन उभा राहत होता. रोज! आणि मी विचारायचे, चहा पाहिजे का!"

जेननं पाणी आणलं. मग आंद्रियाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"चर्चमध्ये हे नको वाचूस. लढाईचं सांग. हे माझं आहे."

खाली बसगाड्या थांबल्या होत्या. समोरच्या मशिदीत मगरिबची, सूर्यास्ताची बांग सुरू झाली. दोह्याला आल्यापासून आंद्रियाबाई ती रोजच ऐकत होती. आज ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. तिच्या काळी ती रीतच नव्हती. लग्नात फादरांच्या मागून पुटपुटली होती तेवढंच, पुढे सगळं आयुष्य 'जेनचा बाप' म्हणून निभावलं. तिनं दाराची चौकट धरली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"नॉरबर्ट," ती म्हणाली.

मग जरा मोठ्यानं, "हो."