ताईच्या मापाची खुर्ची

बायको गेल्यापासून सुताराच्या घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. रंधा थांबला की घर खायला उठायचं. म्हणून थोरली बहीण आठवडाभरासाठी राहायला आली, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं, ताईला आता जाऊ द्यायचं नाही.

पण ताईचे गुडघे कामातून गेलेले. जन्मभर जमिनीवर मांडी घालून बसलेली बाई. आता खाली बसवत नव्हतं आणि खुर्चीत पाय लोंबकळले की जीव टांगल्यासारखा व्हायचा. तिच्या लेकीने म्हणे खास कोच घेतला होता आणि रविवारी गाडी पाठवणार होती.

सुताराने ताईची मापं घेतली. टाचेपासून गुडघा, कंबर, कोपर. बैठक बुटकी ठेवली, आणि एवढी रुंद की एक पाय दुमडून वर घेता यावा. पोटऱ्यांना काचू नये म्हणून पुढची कड गोल केली. गुरुवारी ताई बसली. तळवे अलगद जमिनीला टेकले.

"इंच्या, हातात कसब आहे बाबा तुझ्या!" लहानपणी दिसेल ते मोजत सुटायचा, म्हणून तिने ठेवलेलं हे नाव.

सुतार हरखला. सवयीने तिच्यासमोर जमिनीवर बसला. ताई दोन वाक्यं बोलली, मान चोळली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. शुक्रवारीही तेच.

"टोचतंय का कुठे?"

"नाही रे. रविवारी जाईन म्हणते."

त्याने बैठकीच्या गोल कडेवरून बोट फिरवलं. "खोट काय राहिली, ते तरी सांग."

"खुर्चीत काही नाही. तू खाली, मी वर. सारखं तुझ्या टकलाशी काय बोलायचं? त्यापेक्षा खिडकी बरी."

सुताराने इतक्या जणांची मापं घेतली, पण त्यांच्याशी बोलणारा कुठे बसेल, हे कधी मोजलंच नव्हतं. त्याने टेप काढला, स्वतःच्या टाचेशी लावला. वाकलं की गुडघा हलायचा. दुसरं टोक धरायला बायको असायची.

"आण इकडे." ताई खुर्चीतूनच वाकली. "सरळ उभा राहा, बावळटा. साडेसोळा. कधी होईल तुझी खुर्ची?"

पॉलिशचा एक हात पुरला असता.

"तीन हात द्यावे लागतील," तो म्हणाला. "बुधवार उजाडेल."

ताईने टेप गुंडाळला.

"चार दे," ती म्हणाली.