साडेचव्वेचाळीस

मापसाहेब निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि ते दोन मिनिटं मागे आहे हे साहेबांनी आभाराच्या भाषणातच सांगून टाकलं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. मुलीने आणि जावयाने मात्र शहाणपणा केला. मोजता येईल असं काही द्यायचंच नाही असं ठरवून त्यांनी खाडीतल्या मासेमारीची सहल भेट दिली. दोन माणसं, एक होडी, एक गाईड, सकाळी सहा ते दुपारी बारा.

त्यातलं दुसरं माणूस म्हणजे अर्थातच वहिनी, साहेबांची बायको. बाजारात नवऱ्याला मापसाहेब म्हणत, म्हणून त्या मापवहिनी. नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. साखर मागितली की दुकानदार काटा त्यांच्याकडे वळवून म्हणायचा, "बघून घ्या हं वहिनी, नीट बघून घ्या." आणि मागे उभे असलेले लोक त्यांच्याकडे असे बघायचे, जणू साखर वहिनींनीच महाग केली आहे. शेवटी त्या दोन बसथांबे पलीकडच्या बाजारात जाऊ लागल्या. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि चारचौघींसारखं बिनधास्त फसवलं जात होतं.

धक्क्यावर गाईड वाट बघत होता. त्याला सगळे कप्तान म्हणत. होडीत खलाशी एकही नव्हता, त्यामुळे कप्तान हुकूमही स्वतःलाच द्यायचा आणि मानायचाही स्वतःच. नाकाची साल निघालेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने नियमांचा कागद पुढे केला आणि म्हणाला, "खाली सही करा काका, सगळे करतात."

काका सही करणार? साहेबांनी चष्मा बदलला आणि कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला. बाकीच्या होड्या निघून गेल्या. "कलम सात," साहेब म्हणाले, "पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आतला मासा पाण्यात परत सोडावा. तोंड मिटवून, शेपूट न दाबता, सपाट पट्टीवर मोजावा. वा. 'शेपूट न दाबता' हे कोणी घातलं असेल त्याला मानलं पाहिजे. लोक तिथेच लबाडी करतात."

"करतात," कप्तान म्हणाला आणि भरतीचं पाणी उतरू लागलंय का ते बघू लागला.

होडीत बसल्यावर साहेबांनी आमिषाची पिशवी हातावर तोलली आणि पाव किलो म्हणतात पण ही दोनशे तीसच्या वर नाही, असं जाहीर केलं. मग इंधनाचा काटा, मग लाइफ जॅकेटांची संख्या. कप्तानाने एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी खांदे उडवले. सहा तासांचा प्रश्न आहे तुझा, असं त्यांना म्हणायचं होतं, माझा बघ.

खाडीच्या तोंडाशी, जिथे एक अरुंद ओहोळ चिखलातून येऊन मोठ्या पाण्याला मिळत होता, तिथे कप्तानाने इंजिन बंद केलं. पाणी जेमतेम कमरेइतकं होतं. ओहोटी लागली की ओहोळातले बारके जीव वाहून बाहेर येतात आणि मोठे मासे तोंडाशी दबा धरून बसतात, असं त्याने सांगितलं. गळाला जिवंत कोळंबी लावली, दोन काठ्या दोघांच्या हातात दिल्या आणि गळ नेमका कुठे टाकायचा ते दाखवलं. साहेबांचा पहिला गळ कप्तानाच्या टोपीत अडकला, दुसरा नांगराच्या दोरीत. तिसरा पाण्यात पडला तेव्हा कप्तान "झकास" म्हणाला, कारण त्याला दुसरी टोपी नव्हती.

मग वाट बघणं. हे सहलीच्या माहितीपत्रकात नव्हतं.

साहेबांना मासा हवाच होता, आणि का हवा होता हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी व्याही जेवायला येणार होते. हे जावयाचे वडील दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर जात आणि हातभर मासा छातीशी धरून काढलेला फोटो पाठवत. प्रत्येक फोटोखाली एकच ओळ, 'आजचा पाहुणा'. असे अकरा पाहुणे साहेबांच्या फोनमध्ये साठले होते. काल साहेबांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "उद्या मासा आमच्याकडचा." हे बोलताना ते आरशासमोर उभे होते, हे वहिनींनी पाहिलं होतं.

पाण्याकडे बघत बसलं की मन भलतीकडे जातं. वहिनींचं भावाकडे गेलं.

धाकट्या भावाचं किराणा दुकान होतं, त्याच शहरात, त्याच साहेबांच्या हद्दीत. सतरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी साहेब तिथे तपासणीला गेले. इतर अधिकाऱ्यांनी असं दुकान दुसऱ्या निरीक्षकाकडे सोपवलं असतं. साहेबांनी उलट ते यादीत पहिलं घातलं, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. तराजूच्या पारड्याखाली साखरेचा जुना चिकटा साठून दगड झाला होता. किलोमागे वीस ग्रॅम. भाऊ शपथेवर सांगत होता की मला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, "नुसत्या तुझ्या शब्दावर कसं जाणार?" पंचनामा झाला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या, तराजूला सील लागलं, दारावर नोटीस लागली. दुकान आठ दिवस बंद राहिलं. आठवड्याने उघडलं, पण भावाचं तोंड उघडलं नाही. त्यानंतर त्याने साहेबांच्या घरात पाऊल टाकलं नाही. भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली ती फक्त वहिनींच्या नावाने, आणि छापलेला 'सहकुटुंब' हा शब्द पेनाने खोडलेला होता. नीट पट्टी लावून खोडलेला.

वहिनी एकट्या गेल्या, आणि लग्नभर नवऱ्याची बाजू लढवत बसल्या. तो असाच आहे, म्हणाल्या. स्वतःच्या बापालाही सोडणार नाही, पण स्वतःलाही सोडणार नाही. ही एक गोष्ट सांगण्यासारखी होती त्यांच्याकडे, तीच त्यांनी सतरा वर्षं पुरवून पुरवून वापरली. नवरा कंटाळवाणा असेल, हट्टी असेल, लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला मोजपट्टी देणारा असेल, पण खोटा नाही.

साडेदहाच्या सुमाराला साहेबांची काठी वाकली.

"ओढू नका," कप्तान म्हणाला. "पळू द्या त्याला. दमला की येईल."

साहेबांनी उभ्या आयुष्यात कोणाला पळू दिलं नव्हतं. पण रीळ आपणहून फिरत सुटलं, दोरा कर्रकर्र करत गेला, आणि त्यांना दोन्ही हातांनी काठी धरून नुसतं उभं राहावं लागलं. दहा मिनिटं गेली. साहेबांच्या कपाळावरून घाम टपकत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की वहिनी बघतच राहिल्या. हा माणूस लग्नातसुद्धा असा दिसला नव्हता. त्यांना त्याचं बरं वाटलं, अगदी मनापासून.

कप्तानाने जाळीने मासा वर घेतला. तांबूस अंग, शेपटीजवळ एक काळा ठिपका. त्याने पट्टी ओली केली, मासा तिच्यावर आडवा ठेवला, तोंड मिटवलं.

"साडेचव्वेचाळीस," तो म्हणाला. "हुकला थोडक्यात."

"नीट बघ."

"नीटच बघितलं काका."

साहेब खाली वाकले. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पुढे केली आणि माशाच्या शेपटीची दोन टोकं हळूच एकत्र दाबली. शेपूट लांब झाली. "हे बघ," ते म्हणाले. "पंचेचाळीस."

कप्तानाने साहेबांचा हात बाजूला केला. साहेबांनी पुन्हा दाबली.

"तुझी पट्टीच बरोबर नसेल," ते म्हणाले. "शिक्का कुठाय हिच्यावर?"

वहिनींनी साहेबांची पिशवी उघडली. तिच्यात कातडी पाकिटात स्टीलची पट्टी असायची, खात्याचा शिक्का मारलेली. साहेब ती बाजारातही न्यायचे आणि हॉटेलातही. वहिनींनी ती माशाशेजारी ठेवली आणि चष्मा सरसावून वाचलं. "साडेचव्वेचाळीस," त्या म्हणाल्या.

"याला जास्त वेळ बाहेर ठेवता येत नाही," असं म्हणून कप्तानाने मासा होडीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला. "काका, धक्क्यावर तपासनीस असतो. माझा परवाना जाईल."

"तपासनीसाचं मी बघतो. आमच्याच धंद्यातला माणूस, समजून घेईल. अर्धा सेंटीमीटर म्हणजे काय रे, काहीच नाही. थोडं इकडेतिकडे चालायचंच."

थोडं इकडेतिकडे. हे शब्द या तोंडातून वहिनींनी पहिल्यांदा ऐकले, आणि ते आले कशासाठी, तर व्याह्यांना फोटो पाठवण्यासाठी. हा मासा घरी गेला तर मग भाऊ कशासाठी गेला होता? त्यांना राग आला. एवढा आला की आवाज उलट अगदी खाली गेला.

"समजून घेईल?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणाला घेतलं होतं?"

साहेब पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले.

"किलोला वीस ग्रॅम म्हणजे शेकडा दोन. तुमचं हे शेकडा एकच्या थोडं वर. म्हणजे माझ्या भावाच्या निम्मे लबाड झालात तुम्ही. आणि त्याला तरी माहीत नव्हतं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मासा ठेवा. खुशाल ठेवा, मी शिजवीन, वाढीन, व्याह्यांना आग्रहसुद्धा करीन." वहिनींनी पर्समधून फोन काढून पुढे धरला. "फक्त आधी त्याला फोन लावा आणि हेच सांगा. थोडं इकडेतिकडे चालतं म्हणून."

कप्तान अतिशय लक्ष देऊन एक गाठ सोडवू लागला. त्या दोऱ्याला गाठ नव्हती.

साहेब गुडघ्यांवर बसले, जे गुडघे डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. त्यांनी टाकीतून मासा दोन्ही हातांनी उचलला आणि होडीच्या काठावरून पाण्यात धरला. "लगेच सोडू नका," कप्तान म्हणाला, "दमलाय. त्याला श्वास येऊ द्या." साहेबांनी शेपटीजवळ सैलसर धरून ठेवलं, न दाबता. थोड्या वेळाने माशाने एक हिसका दिला, साहेबांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि तो गेला.

साहेबांनी हात धुतले. रुमालाने पुसले. मग म्हणाले, "लाव."

"काय?"

"फोन. तूच लाव, माझा तो उचलणार नाही."

"आता कशाला? सोडलात ना मासा."

"लाव म्हणतो ना."

साहेबांना कमी ऐकू यायचं, म्हणून वहिनींनी फोनचा आवाज मोठा केला. दोन घंट्यांत भावाने उचलला. "बोल ताई."

"मी बोलतोय," साहेब म्हणाले.

पलीकडे दुकानातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"तराजू तुझा चुकीचाच होता," साहेब म्हणाले, आणि वहिनींनी डोळे मिटून घेतले. या माणसाला माफीसुद्धा मापाशिवाय मागता येईना. "वीस ग्रॅम. ते मी मागे घेत नाही. पण तू मुद्दाम केलं नव्हतंस, हे मला तेव्हाच कळत होतं. कळत असून मी तसं लिहिलं नाही. लोक म्हणतील मेव्हण्याला सांभाळून घेतलं, म्हणून." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आणि आज मी माशाची शेपूट दाबली. अर्धा सेंटीमीटर कमी होता. मी मुद्दाम दाबली."

पंखा फिरत राहिला. कप्तानाने गाठ सोडवण्याचं नाटक थांबवलं होतं.

"किती वेळा?" भावाने विचारलं.

"दोनदा."

"ताईने पकडलं?"

"हो."

"पंचनामा केला?"

"नाही."

"मग नुसत्या तुमच्या शब्दावर कसं जाणार भावोजी? साक्षीदार आहे का कोणी?"

साहेबांनी फोन कप्तानापुढे धरला. कप्तानाने ओला हात पँटला पुसला आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असल्यासारखा ताठ झाला. "मी गाईड बोलतोय," तो म्हणाला. "काकांनी शेपूट दाबली. दोनदा. मी समक्ष पाहिलं."

पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग तो खोकला नाही हे वहिनींच्या लक्षात आलं. हे हसू त्यांनी सतरा वर्षांत ऐकलं नव्हतं. लहानपणी मार चुकवून पळाल्यावर तो असाच नाकातून हसायचा. त्यांनी फोन हातात घेतला, पण बोलता येईना. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं. साहेब पाठ करून बसले होते आणि स्टीलची पट्टी पाकिटात घालायला जरुरीपेक्षा फार वेळ लावत होते.

"ताई, आहेस का?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी मुलीचे सासरे येणारेत जेवायला. आणि घरात मासा नाही."

"मग?"

"मग ये तू. दुकान लवकर बंद कर." त्यांनी पदराने गाल पुसले. "सहकुटुंब ये."