थंडीचा आळ

मित्रांनो, मी खिडकीची एक जुनी काच आहे. पण मला बिचारी समजू नका. भट्टीच्या जाळातून निघून आणि काच कापणाऱ्या हिरकणीचा चरा सोसून मी रस्त्याकडच्या या खोलीत आले.

मला लागूनच अप्पांचा पलंग होता. अप्पा निवृत्त बस ड्रायव्हर. पाय अधू झाल्यापासून ते माझ्यातूनच रस्ता पाहत आणि कोणी वळण चुकीचे घेतले की पडल्यापडल्या शेरे मारत.

यंदा कडाक्याची थंडी पडली. हीटर दिवसभर चालू, तरी अप्पा कुडकुडत. मुलगा भिंतीवरचा तापमापक पाहून वैतागायचा.

"खोली गरम आहे, अप्पा! उगीच काय?"

"मग तो पाराच पांघरायला दे मला."

शेवटी मुलाने गवंडी बोलावला. "सगळी थंडी या काचेतूनच येते. बुजवून टाका खिडकी."

माझा संताप झाला. मी एक झुळूकसुद्धा आत सोडली नव्हती! बाहेरच्या गारठ्याने माझे अंग थंड पडायचे आणि जवळ टेकलेल्या अप्पांच्या अंगातली ऊब माझ्याकडे ओढली जायची, मग खोलीतली हवा कितीही गरम असो. पलंगामागची उघडी दगडी भिंतही तेच करत होती. तिला कोणी जाब विचारला?

अप्पांनी पलंगाची कड घट्ट धरली. "जन्मभर काचेतून रस्ता पाहिला. आता विटा बघत मरू? खिडकी बुजवायची तर आधी मला रस्त्यावर नेऊन ठेव!"

सून येऊन अप्पांशेजारी बसली. थोड्या वेळाने खांदा चोळत नवऱ्याला म्हणाली, "अहो, इथे बसून बघा. काचेकडचा खांदा गारठतो, दुसरा नाही."

तो बसला. त्याने मला हात लावून पाहिला, पलंगामागच्या दगडी भिंतीलाही. मग हळूच म्हणाला, "अप्पा, चुकलंच माझं." गवंड्याने थापी पिशवीत टाकली.

पलंग हातभर आत सरकला. दगडी भिंतीवर लाकडी फळ्या चढल्या. माझ्या आतल्या बाजूला दुसरी काच बसली आणि आम्हा दोघींमध्ये हवेचा पट्टा कोंडला गेला. दिवस मावळताच जाड पडदा ओढू लागले. पहिल्याच संध्याकाळी अप्पांनी शाल पायाशी लोटली.

मित्रांनो, कोणी गारठलो म्हणाले तर नुसता पारा दाखवू नका. तिथल्या भिंतीला आणि काचेला हात लावून बघा, त्याच्या जागी बसून बघा. मला पडदा द्या, जोडीदारीण द्या. विटा घेऊन याल, तर मात्र मी चौकट सोडणार नाही.