भिंगरीवाली

बारा वर्षं तिनं हेलिकॉप्टर चालवलं. डोंगरातल्या गावांतून पेशंट उचलायचे, शहरातल्या हॉस्पिटलच्या गच्चीवर उतरवायचे. ते काम बंद पडलं, तशी ती एका छोट्या विमान कंपनीत ट्रेनिंगला लागली. ती एक्केचाळीसची, बाकीचे पंचविशीतले.

शिकवायला तिचाच जुना सहकारी. तीन वर्षांपूर्वी तोही हेलिकॉप्टर सोडून इथं आला होता. पहिल्याच दिवशी त्यानं वर्गाला ओळख करून दिली, "या भिंगरीवाल्या मॅडम. यांना धावपट्टी लागत नाही, अंगण पुरतं."

सगळे हसले. आपण स्वतः कुठून आलो, हे त्यानं सांगितलं नाही. तिनंही ते उघड केलं नाही.

सिम्युलेटरमध्ये तो मागं बसून तिच्या चुका वेचायचा. चौथ्या दिवशी, विमान उतरायच्या बेतात असताना त्यानं वारा उलटा फिरवला. आता जोर वाढवून वर जायला हवं होतं. हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी डाव्या हातातला दांडा ओढायचा, विमानात पुढं ढकलायचा. तिनं घाबरून ओढला. पडद्यावरची जमीन अंगावर आली.

"सत्तर माणसं मारलीत," तो म्हणाला. "तुमच्यानं व्हायचं नाही हे. घरी बसा."

तिच्या शेजारच्या खुर्चीतला, वर्गातलाच मुलगा खाली बघू लागला.

"तूही ओढला होतास," ती म्हणाली. "फोनवर रडलास माझ्यापाशी. तेव्हा मी तुला घरी बस म्हणाले नव्हते."

त्यानं कागदावर 'नापास' लिहिलं आणि दार आपटून गेला.

तिनं दुसरा परीक्षक मागितला. कंपनीच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण दहा दिवसांनी एक संधी दिली. ते दहा दिवस ती घरी खुर्चीत बसून रिकामा हात पुढं ढकलत राहिली. "जेवताना तरी हात आवर," आई करवादली.

ती पास झाली. महिनाभरानं ड्यूटीच्या यादीत त्याच्याच शेजारी तिचं नाव लागलं. तो कॅप्टन, ती त्याच्या हाताखाली. तासभर कामापुरतं बोलणं झालं, त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता. प्रवासी उतरल्यावर तो म्हणाला, "त्या पोरासमोर बोलायला नको होतंस."

"वर्गासमोर तू सुरुवात केलीस."

"मी विसरणार नाही."

"नको विसरूस," ती म्हणाली आणि परतीच्या फेरीचे कागद त्याच्यापुढं सहीला सरकवले. त्यानं तिच्याकडं न बघता सही केली.