एकतीस नंबरचा बिल्ला

“आपला बिल्ला आपल्याच हाताने उलटायचा. बायकोने नवऱ्याचा नाही, लेकीने आईचा नाही. किनाऱ्यावर जाताना लाल बाजू, परत आल्यावर पांढरी. या बोटीवर एवढा एकच नेम आहे, तो पाळा.”

मित्रांनो, आमच्या मुख्य अधिकारी बोर्गहिल्डचा हा आवाज मी चौदा उन्हाळे ऐकते आहे. मी एक जुनी फळी आहे. ‘स्नोस्पुर्व’ नावाच्या छोट्या बोटीवर, खाली उतरायच्या शिडीजवळ माझी जागा. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या खाड्यांमधून आमची बोट पन्नास-बावन्न पाहुण्यांना घेऊन फिरते आणि त्यांतला कोण बोटीवर आहे, कोण बर्फात आहे, हे सांगायचं काम माझं.

मी मूळची एका मासेमारी होडीच्या तळाची. ट्रोम्स्यो गावच्या आइलर्ट सुताराने ती होडी मोडली, मला रंधा मारला, अडकवायला साठ लोखंडी आकडे ठोकले आणि बर्चच्या लाकडाचे गोल बिल्ले कापले. त्याच्या बायकोने, दाग्नीने, त्यांच्यावर नंबर रंगवले. सातचा आकडा जरा कलला. आइलर्ट म्हणाला, “दाग्नी, तुझा सात पिऊन आलाय.”

“असू दे,” ती म्हणाली. “घरी आला ना, तेवढं बघ.”

मी माणसांना हातांवरून ओळखते. लोकरी हातमोजे, थंडीने लाकूड झालेली बोटं, वॉलरस पाहून थरथरणारे हात. दिवसातून दोनदा, कधी तीनदा, उतरणाऱ्यांचे बिल्ले लाल होतात आणि एकेक करून पांढरे होतात. सगळे पांढरे झाले की बोर्गहिल्ड माझ्यावर हात फिरवते आणि मगच नांगर उचलला जातो. पूजा आटोपल्यावर मन जसं शांत होतं, तसं मला त्या क्षणी वाटतं.

मध्ये तीन वर्षं माझ्या जागी कार्ड टेकवायचं यंत्र आलं. मला बूट धुण्याच्या खोलीत टांगलं आणि माझ्या आकड्यांवर लोक ओले हातमोजे वाळवू लागले. मी कुरकुरले नाही. शेवटी त्या यंत्रालाच थंडी बाधली आणि मी परत दाराशी आले.

मित्रांनो, अशी मी, आणि एकदा माझ्याकडून खोटी साक्ष दिली गेली. ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये वार्डो गावच्या दोन बहिणी आल्या होत्या. थोरली माग्निल्ड, शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी अधू. धाकटी सोल्फ्रिद, जिभेने तिखट आणि भारी विसराळू. तिचा बिल्ला एकतीस, थोरलीचा तीस. पहिल्याच दिवशी परत आल्यावर सोल्फ्रिद बिल्ला उलटायला विसरली आणि भोंग्यावरून तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं. जेवणघरात सगळे हसले. सोल्फ्रिदही हसली, पण माग्निल्डचे कान लाल झाले.

“तुझं काय जळलं?” सोल्फ्रिदने तिला विचारलं.

“आपलं आडनाव एकच आहे, बाई,” माग्निल्ड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे एका जुन्या शिकाऱ्याच्या झोपडीपाशी उतरले. शेजारच्या भूशिरावर सकाळीच अस्वलाची मादी दिसली होती, म्हणून वाटाड्या तोर्गाइर बंदूक घेऊन पहाऱ्याला होता. तासाभरात धुकं आलं. सगळ्यांना घाईने रबरी होड्यांत बसवायला सुरुवात झाली. सोल्फ्रिद झोपडीच्या भिंतीवर कोरलेली नावं वाचत होती. “तू हो पुढे,” ती बहिणीला म्हणाली, “मी शेवटच्या होडीने येते.”

माग्निल्ड वर आली. तिने आपला तीस नंबर पांढरा केला. मग इकडेतिकडे पाहून तिने एकतीसही पांढरा केला. माझ्या अंगावर तो हात किती हळुवार पडला, म्हणून सांगू. धाकटीला पुन्हा कुणी हसू नये, एवढंच त्या हाताच्या मनात होतं.

थोड्या वेळाने तोर्गाइरने किनाऱ्यावरून बिनतारीवर विचारलं, “फळी काय म्हणते?”

“पाहुणे सगळे पांढरे,” बोर्गहिल्डने उत्तर दिलं.

तोर्गाइरने दोन हाका मारल्या. झोपडीच्या मागे, वारा लागणार नाही अशा जागी बसलेल्या सोल्फ्रिदला त्या ऐकू गेल्या नाहीत. तो आला. नांगर उचलला.

जेवणघरात वाफल्स, जॅम आणि तपकिरी चीज मांडलं होतं. माग्निल्डने शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. वाफल गार झाला. ती खोलीत पाहून आली, डेकवर पाहून आली, आणि मग तिने बोर्गहिल्डची बाही धरली. “माझी बहीण बोटीवर नाही.”

बोट वळली. रबरी होडी पाण्यात सोडली. धावपळीत माग्निल्ड माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कपाळ माझ्या कडेला टेकून पुटपुटली, “देवा, तिला सुखरूप आण. मी केलं ते मी सगळ्यांसमोर सांगेन.” मला हात नाहीत, पण मीही तिच्याबरोबर मागितलं.

पाऊण तासाने सोल्फ्रिद आली. अस्वल दुरून गेलं होतं. सोल्फ्रिदने झोपडीत शिरून दार लावून घेतलं होतं.

“बावन्न माणसांत एक म्हातारी मोजता येईना तुम्हाला?” ती शिडीवरूनच म्हणाली. ओठ निळे पडले होते, तरी जीभ चालू होती. मग तिने बिल्ल्याला हात घातला आणि थबकली. “हे काय? मी तर कधीच आले आहे म्हणे.”

सगळ्यांनी तोर्गाइरकडे पाहिलं. घाई होती, त्यानेच उलटला असेल, असं कुणीतरी कुजबुजलं. तोर्गाइर म्हणाला, “बिल्ला मी उलटला नाही. पण शेवटचा मी निघालो. चूक माझी.” कप्तान अस्लाक म्हणाला, “बंदरात पोचलो की हे लिहून द्यावं लागेल. मग या उन्हाळ्यात तुला पुन्हा नेता येणार नाही.”

माग्निल्ड बहिणीभोवती घोंगडी गुंडाळत होती. तिचे हात चालत राहिले, तोंड उघडलं नाही.

मित्रांनो, मी दुसऱ्याच्या हाताने बोलते. तुमच्याही घरात, शाळेत अशा खुणा असतील, ज्यांच्या भरवशावर कुणीतरी निर्धास्त असतं. त्या खुणा जपा. मायेपोटीसुद्धा त्यांना खोटं बोलायला लावू नका. एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीआधी माग्निल्ड माझ्याजवळ आली. बोर्गहिल्ड बूट रचत होती.

“कप्तान आता कुठे असेल?”

“वर, सुकाणूपाशी. तोर्गाइरही तिथेच आहे, कागद लिहितोय. पण तीन मजले चढायचे आहेत. त्याला खाली बोलावू का?”

“नको. माझं काम आहे, मीच जाते.”

“आणि गुडघे?”

“ते येतील माझ्यामागून.”

तिने काठी डाव्या हातात घेतली, उजव्याने लोखंडी कठडा धरला आणि पहिली पायरी चढली. मग दुसरी.